सावकाश होऊ द्या

घास तोंडात जायच्या आधीच जेवण सुरू झालेलं असतं. भाकरी थापल्याचा आवाज कानावर येतो, पिठल्याच्या फोडणीतल्या लसणाचा वास नाकात शिरतो आणि ताटावर बसण्याआधीच तोंडाला पाणी सुटतं. पाणी एकट्या तोंडाला सुटत नाही. त्याच सुमारास जठराच्या अस्तरातल्या पेशींतून आम्ल पाझरू लागतं, आणि स्वादुपिंड पाचकरसांबरोबर थोडंसं इन्सुलिनही सोडू लागतं. अन्नाचा कणही अजून आत गेलेला नसतो.

इवान पावलोव्ह म्हटलं की आपल्याला घंटा वाजताच लाळ गाळणारा कुत्रा आठवतो. पण या रशियन शास्त्रज्ञाला १९०४ साली नोबेल पारितोषिक मिळालं ते पचनाच्या अभ्यासासाठी. त्याने शस्त्रक्रिया करून अशी सोय केली होती की कुत्र्याने गिळलेलं मांस गळ्यापाशीच बाहेर पडावं, जठरापर्यंत पोचूच नये. कुत्रा खात होता, पोट रिकामंच राहत होतं, आणि तरीही काही मिनिटांत जठरात रस झरू लागत होता. मग मेंदू आणि पोट यांना जोडणारा व्हेगस नावाचा मज्जातंतू कापला, तेव्हा हे झरणं थांबलं. म्हणजे पोटाला तयारीचा निरोप वरून जात होता: डोळ्यांनी पाहिलं, जिभेने चाखलं, मेंदूने कळवलं.

जेवायला बसल्यावर ताटाभोवती पाणी फिरवून चित्राहुती घालायची, श्लोक म्हणायचा आणि मगच पहिला घास उचलायचा, ही आपल्याकडची जुनी रीत. तिच्यामागचा भाव कृतज्ञतेचा. पण त्या अर्ध्या मिनिटात वाढलेलं ताट डोळ्यांना पुरतं दिसतं, वास नाकाला पुरता मिळतो, आणि पावलोव्हने मोजलेला तो रस वाहायला अवधी मिळतो.

नांदेड-लातूर भागात आहाराविषयी मार्गदर्शन करताना मला सगळ्यांत आधी विचारला जाणारा प्रश्न ठरलेला आहे: “मॅडम, काय खाऊ आणि काय बंद करू?” प्रश्न रास्त आहे आणि निकडीचाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या अंदाजानुसार भारतात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि आणखी साडेतेरा कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. पण माझ्या मनात याहून मूलभूत असा एक प्रश्न सतत असतो. पोट भरलं, हे आपल्याला मुळात कळतं कसं? पोटात डोळे नाहीत, मोजमाप नाही. तरी एका ठरावीक वेळी आतून आवाज येतो: पुरे. तो कुठून येतो हे कळलं, की काय खावं याच्या इतकंच कसं, कधी आणि किती वेळात खावं यालाही महत्त्व का आहे, ते उलगडत जातं.

हुरड्याने शिकवलेलं

सजगपणे खाण्याची आज जगभर चर्चा आहे. तिचा एक उगम अमेरिकेत सापडतो. जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात ताणतणावांनी आणि जुनाट दुखण्यांनी त्रासलेल्या रुग्णांसाठी ध्यानावर आधारित वर्ग सुरू केला. त्यातला एक गाजलेला धडा म्हणजे एकच बेदाणा खाणं. तो हातात घ्यायचा, निरखायचा, हुंगायचा, जिभेवर ठेवायचा, आणि मग अगदी हळू चावायचा. आपल्याकडे इगतपुरीला १९७६ पासून विपश्यनेची शिबिरं भरतात. तिथे दहा दिवस मौन असतं, जेवणही मौनातच होतं. बोलणं थांबलं की वरणातलं मीठ आणि हिंग वेगवेगळे कळायला लागतात, हा तिथे जाऊन आलेल्या पुष्कळांचा अनुभव.

मराठवाड्यात मात्र हा धडा दर हिवाळ्यात रानात भरतो. ज्वारीचं कणीस दुधाळ अवस्थेतून पुढे सरकलेलं, पण दाणा अजून कोवळा. शेणाच्या गोवऱ्यांच्या आरावर कणसं भाजायची, गरम असतानाच तळहातावर चोळायची, फुंकर मारून कोंडा उडवायचा आणि मूठभर हिरवे दाणे तिळाच्या नाहीतर कारळाच्या चटणीबरोबर खायचे. हुरडा घाईने खाताच येत नाही. हात भाजतात, कणीस वेळ घेतं, आणि दुसरी मूठ मिळेपर्यंत पहिली चावून होते.

हुरड्याच्या गोडीचं कारण समजलं की तो अधिकच गोड लागतो. ज्वारीचं पान उन्हातून साखर तयार करतं आणि ती दाण्यात पाठवतं. दाणा ती साखर साठवणीसाठी पिष्टात, म्हणजे स्टार्चमध्ये बदलतो. हुरड्याच्या दिवसांत हे काम अर्ध्यावर असतं, त्यामुळे बरीच साखर अजून साखरच असते. काही दिवस उलटले की तोच दाणा टणक होतो आणि भाकरीच्या कामाचा होतो. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने तर खास हुरड्यासाठी ‘परभणी वसंत’ हा वाण दिला आहे. मूठभर दाण्यांत वनस्पतीच्या आयुष्यातला एक नेमका आठवडा आपण खात असतो.

‘पुरे’ म्हणायला लागणारा वेळ

आता तो घास पोटात उतरला असं समजू. जठराची भिंत ताणली जाते. तिच्यातल्या मज्जातंतूंना हा ताण कळतो आणि ते तो वर कळवतात. पावलोव्हने ज्याचं एक काम दाखवलं, त्या व्हेगसमधले साधारण ८० टक्के धागे उलट्या दिशेने, पोटाकडून मेंदूकडे निरोप नेतात. मेंदू पोटाला हुकूम सोडतो त्यापेक्षा कितीतरी जास्त तो पोटाचं ऐकत असतो. आतड्याच्या भिंतीत स्वतःच्या दहा कोटींहून अधिक मज्जापेशी आहेत. पुढे काय सरकवायचं, काय थोपवून धरायचं, यातले बरेचसे निर्णय त्या तिथल्या तिथेच घेतात.

पण नुसत्या ताणाने तृप्ती येत नाही. पाणी पिऊन पोट तट्ट फुगलं तरी भूक भागत नाही. अन्न जठरातून थोडं थोडं लहान आतड्यात उतरतं, तेव्हा तिथल्या अस्तरात विखुरलेल्या खास पेशी ते जणू चाखतात. स्निग्ध पदार्थ आणि प्रथिनं आली की कोलेसिस्टोकायनिन नावाचं संप्रेरक सुटतं. अन्न आणखी खाली पोचलं की जीएलपी-१ आणि पीवायवाय ही दोन संप्रेरकं सुटतात. ती जठराला संथ व्हायला सांगतात आणि मेंदूला कळवतात की इथे पुष्कळ आलं आहे, आता थांबा. या साऱ्या घडामोडीला साधारण वीस मिनिटं लागतात. दहा मिनिटांत ताट संपवून उठणारा माणूस मेंदूपर्यंत खबर पोचायच्या आधीच जेवून मोकळा झालेला असतो.

हे प्रत्यक्ष मोजूनही पाहिलं गेलं आहे. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ग्रीक प्रयोगात काही पुरुषांना ३०० मिलिलिटर आइस्क्रीम दिलं. एकदा पाच मिनिटांत संपवायला सांगितलं, एकदा अर्ध्या तासात. आइस्क्रीम तेच, माणसं तीच. अर्ध्या तासात खाल्लं तेव्हा रक्तातलं पीवायवाय आणि जीएलपी-१ जास्त वाढलेलं दिसलं. पदार्थ न बदलता, केवळ वेग बदलल्याने शरीराचं उत्तर बदललं.

जीएलपी-१ची गोष्ट तर थेट वाळवंटात जाते. हे संप्रेरक आपल्या रक्तात जेमतेम दोन मिनिटं टिकतं, म्हणून त्याचं औषध करणं अवघड होतं. अमेरिका-मेक्सिकोच्या वाळवंटात गिला मॉन्स्टर नावाचा विषारी सरडा असतो. वर्षातून मोजक्या वेळा खाऊन तो जगू शकतो. जॉन एंग या संशोधकाला १९९२ मध्ये त्याच्या विषात जीएलपी-१सारखंच, पण बराच काळ टिकणारं रसायन सापडलं. त्यातून २००५ मध्ये मधुमेहावरचं एक इंजेक्शन बाजारात आलं. वजन कमी करणाऱ्या ज्या इंजेक्शनांची आज घरोघरी चर्चा आहे, ती याच संप्रेरकाच्या नकला आहेत. ज्यांना ती लागतात त्यांच्यासाठी ती मोठीच मदत आहे. पण मूळ संप्रेरक आपल्याच आतड्यात, प्रत्येक जेवणाला, फुकट तयार होतं. त्याला बोलायला वेळ तेवढा हवा असतो.

नांदेडची पंगत

या यंत्रणेचा विचार करताना मला नांदेडचा लंगर आठवतो. गुरू गोविंदसिंगजींनी १७०८ मध्ये गोदाकाठच्या या गावी देह ठेवला. शीख धर्माच्या पाच तख्तांपैकी एक, तख्त सचखंड श्री हजूर साहिब, इथे आहे. २००८ मध्ये गुरू-ता-गद्दीच्या, म्हणजे ग्रंथसाहिबाला गुरुपद दिल्याच्या, त्रिशताब्दीला देशोदेशींचे भाविक इथे लोटले, तेव्हा लंगरच्या चुली किती माणसांना पुऱ्या पडतात हे साऱ्या शहराने पाहिलं.

लंगरमध्ये सगळे जमिनीवर एका रांगेत बसतात. श्रीमंत-गरीब, शहरातला-परगावचा, सगळ्यांचं ताट एकाच उंचीवर. वाढणारा रोटी घेऊन येतो, तिला तिथे प्रसादा म्हणतात, आणि ती दोन्ही हात पुढे करून घ्यायची असते. हवं तितकं मिळतं, पण घेतलेलं टाकायचं नाही. आहाराच्या अंगाने बघितलं तर ही फार शहाणी रचना आहे. माणूस एकट्यापेक्षा सोबतीत जास्त जेवतो, हे जॉन डी कॅस्ट्रो या मानसशास्त्रज्ञाने लोकांच्या जेवणाच्या नोंदी तपासून दाखवलं आहे. आपल्याला लग्नाच्या पंगतीवरून ते माहीत आहेच. लंगरमध्ये सोबत आहे, आग्रहही आहे, पण प्रत्येक रोटीआधी हात पुढे करावे लागतात. म्हणजे प्रत्येक रोटीआधी एक क्षण स्वतःला विचारावं लागतं: खरंच हवी आहे का? आणि वाढणारा रांगेच्या त्या टोकापासून परत येईपर्यंत पोटाला उत्तर द्यायला वेळ मिळतो.

आपल्या घरच्या पंगतीतही पहिला घास घेताना वाढणारी बाई “सावकाश होऊ द्या” म्हणते. आदरातिथ्याचे हे तीन शब्द आजच्या प्रयोगशाळेच्या निष्कर्षाला किती जवळचे आहेत, या विचाराने मी दर वेळी थक्क होते.

भाकरीच्या आत काय आहे

गव्हाच्या पिठात ग्लुटेन असतं. ते ताणलं जातं, म्हणून पोळी लाटता येते. ज्वारीत ते नाही, म्हणून भाकरी लाटली की फाटते. शतकानुशतकं बायकांनी यावर एक सुंदर तोड काढली आहे: पिठात गरम पाणी घालायचं. गरम पाण्याने पिष्टाचे काही कण फुगतात, चिकट होतात आणि पिठाला धरून ठेवतात. मग ते तळहाताने मळायचं आणि थापायचं. गरम तव्यावर टाकून वरून पाण्याचा हात फिरवायचा, उलटायची, आणि शेवटी विस्तवावर धरली की आतल्या वाफेने भाकरी टम्म फुगते. जिला आपण रोजचं काम म्हणतो, ती बिनग्लुटेनची रोटी करण्याची बारकाईची विद्या आहे.

ज्वारीच्या दाण्यात पिष्टाच्या कणांभोवती काफिरिन नावाच्या प्रथिनाचं जाळं असतं. शिजल्यावर ते जाळं आणखी घट्ट होतं, त्यामुळे पाचकरसांना आतल्या पिष्टापर्यंत पोचायला वेळ लागतो. एका बाजूने हे चांगलं: साखर रक्तात हळूहळू उतरते. दुसऱ्या बाजूने ज्वारीचं प्रथिनही त्यामुळे कमी पचतं, आणि त्यात लायसिन हे आवश्यक अमिनो आम्लही थोडं असतं. म्हणून भाकरी एकटी पुरत नाही. तिला डाळ लागते, कारण डाळींत लायसिन भरपूर असतं. डाळींत जे कमी पडतं ते मेथिओनिन धान्यातून मिळतं. भाकरी-वरण, भाकरी-पिठलं या जोड्या चवीच्या आहेत, तशाच अमिनो आम्लांच्याही आहेत. लातूर जिल्ह्याकडे त्यासाठी सगळं आहे: निलंगा तालुक्यातली बोरसुरीची तूरडाळ, पानचिंचोलीची चिंच आणि कास्ती कोथिंबीर या तिन्हींना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. परभणीच्या विद्यापीठाचा ‘परभणी शक्ती’ हा वाण आहे, त्याच्या ज्वारीत लोह आणि जस्त जास्त असतं.

डाळीची एक करामत मला सगळ्यांत आवडते. टोरंटोच्या डेव्हिड जेनकिन्स यांनी १९८२ मध्ये दाखवलं की सकाळी मसूर खाल्लेल्या माणसांच्या रक्तातली साखर दुपारच्या जेवणानंतरही कमी चढते. सकाळच्या डाळीची साखर हळूहळू रक्तात उतरत राहते, म्हणून दुपारच्या घासाला शरीर अधिक तयारीने सामोरं जातं. तिचा न पचलेला तंतुमय भाग मोठ्या आतड्यात पोचतो आणि तिथल्या जिवाणूंचं अन्न होतो. त्यांनी सोडलेली आम्लं आतड्याच्या पेशींना पुन्हा जीएलपी-१ सोडायला लावू शकतात. आपण एका वेळी जेवतो, पण ते जेवण पुढच्या जेवणातही हजर असतं.

एक मात्र स्पष्ट सांगायला हवं. भाकरी औषध नाही. तिनेही साखर वाढते, आणि चार भाकरींनी दोन भाकरींपेक्षा जास्त वाढते. मधुमेह असलेल्याने ज्वारी खावी, पण मोजून, आणि ताटात भाजी-डाळीला तिच्याहून जास्त जागा देऊन.

लातूरमधून उठलेला प्रश्न

किती वेळा जेवावं, यावर महाराष्ट्रात झालेल्या सगळ्यांत मोठ्या चर्चेचं नाव लातूरशी जोडलेलं आहे. नागपूरचे डॉ. श्रीकांत जिचकार (१९५४–२००४) हे अनेक पदव्यांसाठी प्रसिद्ध असलेले डॉक्टर आणि राजकारणी. वारंवार खाल्ल्याने वारंवार इन्सुलिन सुटतं, म्हणून खाण्याच्या वेळा कमी कराव्यात, असं ते व्याख्यानांतून सांगत. लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातले तेव्हाचे प्राध्यापक डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी तो विचार स्वतःवर करून पाहिला आणि पुढे गावोगावी नेला. खरी भूक कोणत्या दोन वेळी लागते ते ओळखा, त्या दोन वेळी जेवा, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांच्या आत संपवा, मधे काही खाऊ नका, आणि रोज ४५ मिनिटं चाला, एवढंच ते सांगणं. २०१८ मध्ये राज्य सरकारने त्यांना स्थूलताविरोधी मोहिमेचा चेहरा केलं. त्याच सुमारास आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर यांचं थोड्या थोड्या अंतराने, स्थानिक आणि ताजं खाण्याचं म्हणणंही घरोघरी पोचलेलं होतं. मग कट्ट्यांवर, कचेऱ्यांत, एकाच घरातल्या नवरा-बायकोंत वाद रंगले.

विज्ञान या वादात काय सांगतं? प्रागमध्ये टाइप-२ मधुमेहाच्या ५४ रुग्णांवर झालेला एक प्रयोग २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांना १२ आठवडे दिवसातून सहा छोटी जेवणं दिली आणि १२ आठवडे दोन मोठी. ऊष्मांक दोन्ही वेळा तेवढेच. दोन जेवणांच्या काळात वजन सरासरी ३.७ किलोने उतरलं, सहा जेवणांच्या काळात २.३ किलोने. पण त्यातली दोन जेवणं होती न्याहारी आणि दुपारचं जेवण; रात्रीचं नव्हतं. दुसरीकडे, एकूण खाणं तेवढंच ठेवलं तर जेवणांच्या संख्येने वजनात फारसा फरक पडत नाही, असंही इतर अनेक अभ्यासांत दिसलं आहे. आणि तेच अन्न सकाळपेक्षा रात्री खाल्लं तर रक्तातली साखर जास्त चढते, हेही वारंवार दिसलं आहे.

या वादातून मला सगळ्यांत मोलाचा वाटतो तो दोन जेवणांमधला मोकळा वेळ. पोट रिकामं असतं तेव्हा ते स्वस्थ बसत नाही. दर दीड-दोन तासांनी जठरापासून लहान आतड्याच्या टोकापर्यंत आकुंचनाची एक लाट जाते आणि उरलेले कण, पेशींचा कचरा, जिवाणू पुढे ढकलते. आतड्यातली ही झाडलोटच आहे. तिचा जोर वाढला की आतली हवा आणि पाणी गुडगुडतं, आणि आपण म्हणतो, पोटात कावळे ओरडतायत. मधेच एक बिस्किट खाल्लं की ही लाट थांबते. आतडं पुन्हा पचनाच्या कामाला लागतं. दिवसभर चहा-बिस्किट, फुटाणे, चिवडा असं चालू राहिलं, तर झाडलोटीला मोकळा वेळच मिळत नाही.

भुकेचीही अशीच गंमत आहे. जपानच्या कोजिमा आणि कांगावा यांनी १९९९ मध्ये जठरात तयार होणारं घ्रेलिन हे संप्रेरक शोधलं. ते जेवणाच्या आधी चढतं आणि जेवल्यावर उतरतं. आपल्या रोजच्या वेळांप्रमाणे त्याची भरती-ओहोटी ठरते. म्हणजे चार वाजताची भूक पुष्कळदा चार वाजता खाण्याच्या सवयीनेच तयार केलेली असते. वेळ बदलली, की काही दिवस ती कुरकुरते आणि मग सरकते.

इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी मात्र जेवणाच्या वेळा डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलू नयेत. साखर एकाएकी खाली गेली तर ते जिवावर बेतू शकतं.

दुष्काळ पाहिलेली शरीरं

“आमच्या आजोबांनी पाच-पाच भाकरी खाल्ल्या, त्यांना काही झालं नाही,” हे वाक्य मी सतत ऐकते. आजोबा दिवसभर नांगर धरत होते, हे उत्तर खरं आहे, पण अपुरं आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी यात एक विलक्षण गोष्ट दाखवली. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा आणि त्यांचे इंग्लंडमधले सहकारी जॉन युडकिन यांचा शेजारी उभा असलेला फोटो छापून आला. दोघांच्या वजन-उंचीचा निर्देशांक सारखाच, २२.३. युडकिनच्या शरीरात चरबी ९.१ टक्के होती, याज्ञिकांच्या शरीरात २१.२. बाहेरून सडपातळ, आतून चरबीयुक्त. पुण्याजवळच्या खेड्यांतल्या बाळांचा याज्ञिकांनी अभ्यास केला. त्यांचं जन्माचं वजन सरासरी २.७ किलो होतं, इंग्लंडच्या बाळांचं ३.५. आपली बाळं हाडामांसाने बारीक, पण त्या मानाने चरबी राखून जन्मलेली. आईच्या पोटात अन्न तुटपुंजं असेल तर बाळाचं शरीर काटकसर शिकूनच बाहेर येतं, असं याज्ञिकांचं प्रतिपादन आहे.

आता १९७२च्या दुष्काळाचा विचार करा. मराठवाड्यातली लाखो माणसं खडी फोडायला गेली, सुकडी आणि परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी खाऊन जगली. त्या काळात गर्भार असलेल्या बायांची लेकरं आज पन्नाशी ओलांडलेली आहेत. टंचाईसाठी घडलेल्या अशा शरीरांसमोर आज पाकीटबंद खाणं, बैठं काम आणि मोटारसायकल आहे. पन्नाशीतल्या माणसाला मधुमेह निघाला की घरचे त्याच्या जिभेला दोष देतात. त्याच्या शरीराने आईच्या उपासाची आठवण जपली असेल, हा विचार केला तर रागाच्या जागी माया येते, आणि मायेने सांगितलेलं माणूस ऐकतो.

विसरलेलं जेवण

तृप्तीमध्ये स्मरणाचाही वाटा असतो, हे पॉल रोझिन यांनी १९९८ मध्ये दाखवलं. मेंदूच्या इजेमुळे ज्यांची नवी आठवण टिकत नव्हती, अशा दोन रुग्णांना दुपारचं जेवण दिलं. काही मिनिटांनी तेच जेवण पुन्हा समोर ठेवलं. त्यांनी ते पुन्हा खाल्लं, कारण आपण जेवलो आहोत हे त्यांना आठवतच नव्हतं. पोट भरलेलं होतं. जेवल्याची आठवण नव्हती.

आपली आठवण शाबूत आहे, पण पडद्याकडे बघत जेवताना आपण ती तयारच होऊ देत नाही. टीव्ही बघत जेवलेल्यांनी नंतर जास्त खाल्लं, असं अनेक प्रयोगांत दिसलं आहे. लातूर आणि नांदेडमध्ये अकरावी-बारावीसाठी राज्यभरातून मुलं येतात. अभ्यासाच्या ‘लातूर पॅटर्न’ने लातूरला नाव मिळवून दिलं. सकाळच्या क्लासपासून रात्रीच्या अभ्यासापर्यंत त्यांचा दिवस मिनिटांत वाटलेला असतो. मेसचा डबा मोबाइलवरच्या व्हिडिओसमोर उघडतो आणि तसाच संपतो, आणि तासाभराने पुन्हा खायची इच्छा होते. या मुलांना मी आहाराचा तक्ता देत नाही. डबा खाताना फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, एवढंच सांगते. वीस मिनिटांनी अभ्यास बुडत नाही. जेवल्याचं लक्षात राहिलं तर नंतरचा तासभर तरी भुकेचा विचार छळत नाही.

सगळं गाव रानात

समतोल जगणं कसं असतं ते वर्षातून एकदा लातूर जिल्हा स्वतःलाच दाखवतो. मार्गशीर्ष अमावस्येला येळवस असते. त्या दिवशी लातूर शहरातले रस्ते ओस पडतात. ज्यांचं शेत आहे ते शेतावर जातात, ज्यांचं नाही त्यांना कोणीतरी बोलावतंच. रब्बीची ज्वारी उभी असते, हरभरा फुलात असतो. कडब्याच्या कोपीत पांडवांची पूजा होते, आणि घरातून डोक्यावरून आणलेलं जेवण उघडतं: भज्जी, आंबील, उंडे, भाकरी.

भज्जीत तुरीचे, वाटाण्याचे, वालाचे ओले दाणे, हरभऱ्याचा पाला, मेथी, चुका, चिंच, डाळीचं पीठ असं त्या महिन्यात शिवारात जे जे आहे ते पडतं. पालेभाजीत आणि डाळीत लोह असतं, पण ते शरीरात सहज शोषलं जात नाही. आंबटाच्या सोबतीने ते जास्त शोषलं जातं. आंबील म्हणजे ताकात आंबवलेलं ज्वारीचं पीठ. आंबवताना जिवाणू फायटेट नावाचा घटक काही प्रमाणात मोडतात, आणि त्याने धरून ठेवलेली खनिजं मोकळी होतात. सगळं जेवण एका ताटात धरलं तर त्यात धान्य, डाळ, पाला, आंबट, आंबवलेलं असं सारं येतं. त्याच्या जोडीला रानातली चाल, हिवाळ्याचं ऊन, आणि गावातली सगळी माणसं. शिवाय आधी शिवाराला घास शिंपडला जातो, मग माणसं जेवतात.

येळवस रोज येत नाही, पण तिच्यातलं बरंचसं रोज जमण्यासारखं आहे. ताट वाढून झाल्यावर अर्धा मिनिट नुसतं बघा. पहिल्या पाच घासांना दुसरं काही करू नका. दुसऱ्या भाकरीआधी लंगरमध्ये थांबतात तसं थांबा. डाळ आणि पाला ताटातून सुटू देऊ नका. दोन जेवणांमध्ये पोटाला त्याचं काम करायला मोकळा वेळ द्या. रात्रीचं जेवण लवकर आणि हलकं ठेवा. आणि जेवणानंतर थोडं चाला.

यासाठी परदेशी बिया नकोत, महाग डबे नकोत. पावलोव्हच्या कुत्र्यापासून गिला सरड्यापर्यंत सव्वाशे वर्षांच्या विज्ञानाने एवढं दाखवून दिलं, की आपल्या पोटात एक अतिशय बुद्धिमान यंत्रणा आहे आणि ती प्रत्येक जेवणाला आपल्याशी बोलते. दुष्काळातून तगलेल्या या भागात जेवण नेहमीच मौल्यवान होतं. आता अन्न पुरेसं आहे. कमी पडतो तो वेळ. वीस मिनिटं बसून जेवणं ही चैन नाही, शरीराची गरज आहे, आणि ती प्रत्येकाला मिळायला हवी: शेतावरच्या बाईला, क्लासच्या मुलाला, सगळ्यांना वाढून शेवटी उभ्याउभ्या घास गिळणाऱ्या घरातल्या आईला तर सर्वांत आधी.